टकलावरचे केस

मामांनी माऊस हलवला आणि स्क्रीनवर भाच्याच्या टकलावर दाट केस उगवले.

"मामा, पुरे! मागची मुलगी चहा सोडून माझ्या डोक्यावर फोटोतले केसच शोधत होती. असंच चाललं तर बिनलग्नाचा राहीन."

फोटोची हौस असलेल्या मामांची एक खोड होती. "झालं, ऊठ" म्हणून फसवायचं आणि माणूस सैल झाला की खरा फोटो काढायचा. तसल्याच एका फोटोत भाचा टोपी काढून खदखदून हसत होता. मामींनी तोच गुपचूप पुढच्या स्थळाला पाठवला.

रविवारी त्या मुलीनं सरळ त्याच्या डोक्याकडे बघितलं. "फोटोत जास्त चमकत होतं," ती म्हणाली. भाचा तस्साच हसला.

साखरपुड्याला तो मामांच्या पायाशी वाकला. मामांनी त्याला मामींकडे वळवलं. "तिला कर नमस्कार. मी केसच लावत बसलो होतो."