दुपारची रेघ

"ही रेघ कुणी ओढली? तुम्हीच ना?" तिने नवऱ्याचा दंड धरून त्याला पाटीसमोर उभं केलं. "बघा नीट. ही सकाळची, ही दुपारची. दोन वेळा हादडायचं आणि वर उपाशी म्हणून बोंब मारायची!"

नवरा पाटीकडे बघत राहिला. उभा जन्म बस चालवलेला माणूस, आता घरातल्या घरात वाट चुकायचा. जेवलेलं तर हात वाळायच्या आत विसरायचा. खिडकीत उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "बायको जेवायला देत नाही हो." शेजारणी आधी हसल्या, मग कुजबुजायला लागल्या. तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या दाराला पाटी टांगली. जेवून उठलं की त्याने आपल्या हाताने खडूची रेघ मारायची. कुणी तोंड उघडलं की दाखवायला पुरावा तयार.

आज समोर नणंद होती. ती महिन्यात तिसऱ्यांदा एकच गोष्ट घेऊन आली होती. "वहिनी, दुपारचं मी दादाजवळ बसत जाते. तुम्ही तेवढी पाठ टेका." वहिनीने तिसऱ्यांदा तिला उडवून लावलं होतं. "माझे हात मोडलेले नाहीत अजून. तुमचा भाऊ मला जड झालेला नाही." आणि नेमकं तेव्हाच त्याचं सुरू झालं, "भूक लागली गं. काहीतरी दे ना."

नणंदेने पाटी पाहिली. "दादा, रेघ आहे की रे. जेवलास तू. वहिनीला कशाला बदनाम करतोस?"

जिंकल्याच्या तोऱ्यात वहिनीने पाटीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच थांबलं.

त्याची रेघ कधी सरळ यायची नाही. हात कापायचा, रेघ अळीसारखी वळवळत जायची. या दोन्ही रेघा मात्र ताठ होत्या. सकाळी जेवून उठल्यावर तो खडू घेऊन घोळत बसला होता. आदल्या रात्री डोळ्याला डोळा नव्हता, ती वैतागली. "आणा इकडे," म्हणून तिनेच रेघ ओढली. दुपारी पुन्हा हा तमाशा नको म्हणून शेजारी दुसरीही ओढून ठेवली. मग ओट्याला टेकली, ती उभ्या उभ्याच पेंगली आणि जाग आल्यावर रेघ बघून वाढलं असंच धरून चालली. दुपारचं पातेलं अजून झाकलेलंच होतं. इथूनही दिसत होतं.

नणंदेला यातलं काही ठाऊक नव्हतं. जगात कुणालाच नव्हतं. ती गेल्यावर गुपचूप वाढलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

नवऱ्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग मान खाली घातली.

"जेवलो असेन मी," तो म्हणाला. "माझं काही खरं नसतं हल्ली. हिला काही बोलू नकोस."

तिने त्याचा दंड सोडला. कातडीवर तिची बोटं उमटली होती.

"नाही जेवलात," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी वाढलंच नाही. रेघा माझ्या आहेत."

नणंद काहीतरी बोलायला गेली. तिने हातानेच थांबवलं. लग्न होऊन आल्यापासून जिला तिने आपल्या ओट्याला हात लावू दिला नव्हता, तिच्या हातात तिने डाव दिला.

"वन्सं, तुम्ही वाढा त्यांना. मी जरा पडते."