पथ्य

हत्यारांच्या पेटीला हात लावू का, असं कासमनं विचारलं तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर राधाकिशन हसले. "लावा की. एका कारागिरानं दुसऱ्यापासून काय लपवायचं?"

चकलांब्याच्या चावडीच्या दारात, उजेड नीट पडेल अशी बाज टाकली होती. ऊन दारातून सरेपर्यंतच काम चालणार होतं. दुपारी डॉक्टरांची गाडी माजलगावला निघायची होती.

कासम बाजेवर बसला. चाळीस वर्षं गावोगाव हिंडून त्यानं लोकांच्या डोळ्यांतला मोती सुईनं खाली ढकलला होता. आता त्याच्याच उजव्या डोळ्यात मोती पिकला होता. डावा लहानपणीच देवीनं नेलेला. उरला तो हा एकच.

"कासमभाई," डोळे दाखवायला आलेल्यांच्या रांगेतून आश्रुबा ओरडला, "जगाचे मोती काढलेस. आता सवताचा द्यायला आलास व्हय?"

"तुझा काढला म्हनून तर तुला मी दिसतोय, बे."

रांग हसली. बापाच्या मागे उभी असलेली रहेमतबीही हसली. लग्नाआधी अब्बांकडे येणाऱ्यांची डोकी धरून ठेवायचं काम तिचंच होतं.

कासम एकेक वस्तू चाचपत होता. वाकवलेल्या तारेची एक कमान हाताला लागली. "ही पापन्या धरनारी?"

"हो. मग बोटांनी धरायला माणूस लागत नाही. आणि त्या बाटलीतले थेंब टाकले की डोळा बधिर होतो."

"मंग मानूस वरडत न्हाई?"

"नाही."

"मंग तुमाला कसं कळतं, हत्यार कुठवर गेलं?"

"बघून," डॉक्टर म्हणाले. कासमनं मान डोलावली. त्याला ते पटलं नव्हतं.

शेवटी पातं हाती आलं. जोंधळ्याच्या पानाच्या टोकासारखं निमुळतं, मुठीसकट पोलादाचं. कासमनं ते बोटावर तोललं. त्याचा चेहरा उजळला. मग सवयीनं, आडवं धरून, त्यानं ते जिभेवरून फिरवलं.

"अहो! तोंडात काय घालता?" डॉक्टरांनी पातं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि शेगडीवरच्या उकळत्या पाण्यात सोडलं.

"वलं केल्याबिगर डोळ्यात कसं सरकंल, साहेब? माझा बाप असंच करायचा. त्याचा बाप बी."

"जिभेवरची घाण आत जाते, कासमभाई. सगळ्यांना बाधत नाही. पण ज्याला बाधते त्याचा डोळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिकतो. पू होतो. मग तो डोळा गेलाच म्हणायचा. म्हणून तर हे सगळं उकळायचं."

"तिसऱ्या दिवशी," कासम म्हणाला.

डॉक्टर थेंबांची बाटली शोधत होते. पाण्यात पातं खडखडत होतं.

"आनि त्यानं आंबट खाल्लं असलं तर? पथ्य मोडलं असलं तर?"

"आंबट खाऊन डोळा पिकत नाही."

रहेमतबीनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा हलायला लागला होता.

अकरा वर्षांपूर्वी कासमनं स्वतःच्या बायकोच्या, बीबीजानच्या डोळ्यात सुई घातली होती. तिसऱ्या दिवशी डोळा पिकला. हिनं चोरून चिंच खाल्ली, असं त्यानं गावभर सांगितलं. दुसऱ्या डोळ्यातही मोती होता, पण त्याला त्यानं हात लावला नाही. पथ्य न पाळणाऱ्या बाईवर हुन्नर कशाला वाया घालवायचा, म्हणाला. पुढची नऊ वर्षं बीबीजान भिंत धरून चालली. "म्या खाल्ली न्हाई," एवढंच ती म्हणायची. मरायच्या आदल्या दिवशी लेकीचा हात धरून म्हणाली, "रहेमत, तू तरी मान." रहेमतबी मानतच होती. ते तीन दिवस आईच्या उशाशी तीच बसली होती. चिंच घरात नव्हतीच.

आता कासमच्या उजव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली होती. डॉक्टरांनी त्याला आडवं करून थेंब टाकले, ते गालावर वाहून गेले. पुन्हा टाकले, पुन्हा गेले.

"कासमभाई, रडत्या डोळ्यावर हत्यार चालवता येत नाही. मी डोळा उघडला आणि तुम्हाला हुंदका आला, तर आतलं सगळं बाहेर येईल. मग जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकणार नाही."

"मी न्हाई रडत, साहेब. हे थांबंना."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. ऊन उंबऱ्याशी आलं होतं. "पुढल्या माणसाला घेतो," ते रहेमतबीला हलकेच म्हणाले. "पुढच्या साली इकडं येणं झालं तर बघू. पण तोवर हा डोळा राहील, असं मी सांगत नाही."

रहेमतबी बाजेशी गुडघे टेकून बसली.

"अब्बा, अम्मानं चिंच खाल्ली हुती."

कासमनं तोंड तिच्याकडे वळवलं.

"दुसऱ्या दिशी. म्याच दिली. लई मागत हुती."

"ती तर मरंस्तोर न्हाई म्हनत हुती."

"खोटं बोलत हुती."

"पर साहेब म्हनत्यात, आंबटानं—"

"साहेबांना अम्मा ठावी हाय का?"

डॉक्टर बाटली हातात धरून तसेच उभे राहिले.

कासमनं एक लांब श्वास घेतला आणि बाहीनं गाल पुसला. डॉक्टरांनी थेंब टाकले. ते डोळ्यात राहिले. त्यांनी कमान बसवली, पाण्यातून पातं काढलं. सांगावं लागलं नाही. रहेमतबीनं उठून उशाशी जाऊन बापाचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं.

"आता अजिबात हलायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

कासम हलला नाही. रहेमतबीनं हात तसेच ठेवले, फक्त तोंड खांद्याकडे वळवलं. नाहीतर तिच्या डोळ्यांतलं पाणी खाली, त्या उघड्या डोळ्यावर पडलं असतं.