फळीवरचा निरोप

“तुम्हाला संस्कृत येतं ना, सुमेधा-सान? मग हे वाचून दाखवा.”

जपानमधल्या कोयासान डोंगरावरच्या जुन्या दफनभूमीत, देवदारांच्या सावलीत सुमेधा आणि तिचे मॅनेजर हिरानो-सान उभे होते. समोर हिरानोंच्या मुलीची छोटीशी समाधी. नवव्या वर्षी गेली होती ती. समाधीमागे मठाने उभी केलेली नवी लाकडी फळी होती आणि तिच्यावर शाईने काढलेली पाच अक्षरं.

“तुमच्याच देशातून आलेली अक्षरं,” हिरानो म्हणाले.

आली असतील, पण हजार-बाराशे वर्षांपूर्वी. सुमेधाला एकही ओळखू येईना. दहावीला संस्कृतात ब्याण्णव मार्क मिळाले होते, हे टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात ओळख करून देताना तिनेच सांगितलं होतं. कोणी विचारलं नसताना.

‘नाही येत’ एवढंच म्हणायचं होतं. पण हिरानो टोपी काढून उभे होते.

“मला इथे थंडी वाजत नाही,” ती म्हणाली, “असं लिहिलंय. काळजी करू नका.”

हिरानो फळीपुढे कमरेतून वाकले. नंतर सुमेधापुढेही.

ते दिवा लावायला मठात गेले, तेव्हा तिने नवऱ्याला फोन लावला.

“लेकराच्या समाधीपुढे थाप मारलीस?” रणजित म्हणाला. “अगं, येत नाही म्हणायला काय झालं होतं?”

“ब्याण्णव मार्क आडवे आले.”

“मग आता गप्प बस. कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याच हातात आहे तुझं.”

ती गप्प बसली. मठातल्या जेवणात ती तिळाचा मऊ तोफू नुसता चिवडत राहिली. समोर हिरानो मधूनच स्वतःशी हसत होते. तिने मान वर केली नाही.

उतरताना केबल कारमध्ये त्यांनी खिशातून वही काढली.

“बायकोचे गुडघे दुखतात, तिला डोंगर झेपत नाही. घरी वाट बघत असेल. थंडी वाजत नाही... पुढे काय म्हणालात?”

पेन्सिल कागदावर चालू लागली आणि सुमेधाला राहवेना.

“लिहू नका, सर. मला वाचता आलंच नाही. मी मनाने रचून सांगितलं. माफ करा.”

पेन्सिल थांबली. नोकरी गेली तर गेली. पण घरी वाट बघणाऱ्या त्या बाईशी खोटं बोलणं सुमेधाला जमणार नव्हतं.

“ठाऊक आहे,” हिरानो म्हणाले. “मी इथल्याच मठात वाढलो. सहाव्या वर्षापासून ही अक्षरं गिरवली. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. सगळ्यांच्या फळीवर हेच असतं.”

त्यांनी वहीची मागची पानं तिच्यापुढे धरली. २००३, उल्हास-सान: मी पोहायला शिकले. २००४, पद्मिनी-सान: आईला सांगा, मी रुसलेले नाही.

“बायकोशी मला खोटं बोलता येत नाही. दुसऱ्याने सांगितलेलं मात्र सांगता येतं. म्हणून दरवर्षी भारतातून नवीन आलेल्या कोणाला तरी घेऊन येतो.”

मग त्यांनी ते अर्धवट वाक्य रबराने खोडलं आणि कागदावरचा चुरा अलगद फुंकला.

“यंदा लेक काही बोलली नाही, असं सांगावं लागेल,” ते म्हणाले.