एकतिसाव्या मिनिटाला

“एकतिसाव्या मिनिटाला काय कापलंस रे?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काकूंनी विचारलं. मुलीचं सामान न्यायला त्या येणार, म्हणून त्याने कालच एक खोकं भरून ठेवलं होतं. कॉफीचा मग, चार्जर, जाकीट, चार पुस्तकं. खोक्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

खोली जेमतेम दोघांची. भिंतींना फोमचे चौकोन, टेबलावर दोन माइक, दोन हेडफोन. नोकऱ्या सांभाळून सहा वर्षं तो आणि काकूंची बनी इथे बसून प्रोग्रॅमिंगच्या भाषांवर पॉडकास्ट करत आले होते. कुठली भाषा कशासाठी चांगली, कुठलं टूल वेळ वाचवतं, कुठलं नुसतं डोकं खातं. एकशे त्रेचाळीस भाग झाले. शेवटचा भाग त्यांनी दीड महिन्यापूर्वी एका दुपारी रेकॉर्ड केला. त्यानंतर ती घरी जायला निघाली आणि दुसऱ्या सिग्नलला तिच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. तो भाग लोकांसमोर आणावा की नाही यावर तो खूप दिवस घुटमळला होता. गेल्याच आठवड्यात मनाचा हिय्या करून त्याने तो टाकला.

“काही नाही काकू. टेबलाला धक्का लागला होता.”

“चाळीस वर्षं कपडे शिवतेय मी. जोड कुठे मारलाय ते मला कळतं.” त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. “सगळे भाग ऐकले मी. काडीचं कळलं नाही, पण ऐकले. ओळीआधी टॅब मारायचा की स्पेस, यावरून तुम्ही चाळीस मिनिटं भांडलात. शेवटी ठरलं काय?”

“काहीच नाही ठरलं.”

“वाटलंच मला.” त्या किंचित हसल्या आणि लगेच थांबल्या. “त्या एकतिसाव्या मिनिटाला माझी रिंग आहे. माझ्यासाठी वेगळी लावून ठेवली होती तिने. पहिला सूर तेवढा राहिलाय बघ तुझ्याकडून. तेव्हा मीच फोन करत होते.”

तो सूर त्यालाही ऐकू आला होता. पण तिथे आणखी मागे कापलं तर बनीचं वाक्य तुटत होतं.

“त्या दिवशी सकाळी भांडलो होतो आम्ही,” काकू म्हणाल्या. “ती काय म्हणाली, तेवढं ऐकव.”

“नको काकू.”

“वाईट बोलली?”

“वाईट असं नाही. पण नका ऐकू.”

“अरे, माझीच मुलगी ना? तिचं सगळं ऐकून घेतलंय मी जन्मभर. लाव.”

त्याने मूळ रेकॉर्डिंग उघडलं. बनीचे हेडफोन उचलून काकूंच्या हातात दिले, स्वतःचे कानाला लावले आणि बटण दाबलं.

रिंग वाजली. पाठोपाठ बनीचा आवाज आला. “आईचा आहे. वाजू दे.”

“घे ना गं. थांबतो मी.” हा त्याचा स्वतःचा आवाज.

“नको. उचलला की सकाळचं सगळं पहिल्यापासून सुरू. थकेल आपोआप.”

दोघं हसली. रिंग वाजत राहिली, मग बंद पडली. “बघ, थकली,” बनी म्हणाली. “हं, कुठे होतो आपण?”

त्याने थांबवलं. काकूंकडे बघायची त्याची हिंमत होईना.

“मीही हसलो काकू,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “मी जरा जोर केला असता तर घेतला असता तिने. म्हणून कापलं. तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठीच.”

काकू स्क्रीनवरच्या त्या खालीवर गेलेल्या हिरव्या रेघेकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “सर्दी झाली होती का रे तिला?”

“अं?”

“‘बघ थकली’ म्हणायच्या आधी नाक ओढलं तिने.”

“हो. दोन दिवस होती. असे आवाज मी काढून टाकतो.”

“मला बोलली नाही.” त्यांनी पदराने नव्हे, हाताच्या पालथ्या मुठीने डोळे पुसले. “आणखी एकदा लाव.”

त्याने लावलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी ‘थकेल आपोआप’ला काकूंचे ओठही तिच्याबरोबर हलले.

“कापलेलं ठेवतोस की फेकून देतोस?”

“मूळ रेकॉर्डिंग्ज आहेत सगळी. दर भागातून अर्धा तास तरी जातोच.”

“काय असतं त्यात?”

“तसं काहीच नाही. खोकला, चुकलेली वाक्यं. पाणी पिणं. ‘परत घेऊ या’ म्हणणं. तिला मध्येच भूक लागायची, त्याची कटकट.” त्याने मनात हिशेब केला आणि त्याचा आवाज उतरला. “सत्तर तास निघतील.”

काकूंनी मांडीवरची पर्स खाली जमिनीवर ठेवली. चपला काढल्या. खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

“पहिल्यापासून लाव.”

त्याने सहा वर्षांपूर्वीचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग शोधून लावलं. आधी नुसती खरखर आली. खुर्ची सरकली, कुणीतरी माइकवर टकटक केलं. मग कानाशी अगदी जवळ, थोडी घाबरलेली बनी.

“झालं का सुरू?”

“झालं गं,” काकू म्हणाल्या. “बोल.”