दोन खोटे, तिसरा खरा

पहिला शब्द सुधाकररावांनी टाकला ‘नवलाई’, दुसरा ‘करवत’. ओट्यापाशी अर्पिताच्या हातातली पळी तशीच राहिली. आता तिसरा.

मोबाइलवरचं शब्द ओळखायचं कोडं ते. चार चौकटी, सहा संधी. अक्षर जागेवर बसलं तर चौकट हिरवी, जागा चुकली तर पिवळी, नसेलच तर राखाडी. इंग्रजीतलं हे वेड जगभर पसरलं तेव्हा वांकिडीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या सुधाकरराव मास्तरांनी त्याचा मराठी अवतार हुडकून काढला, कारण तेलुगू शाळेत जाणारी नातवंडं मराठी वाचायला कंटाळायची. आदल्या दिवशी आपला शब्द घालून ठेवायचा आणि सकाळी आठला कोडं ग्रुपवर सोडायचं. आता आदिलाबादपासून पार राजुऱ्यापर्यंत तीनशे माणसं आठ वाजायची वाट बघतात. आणि मास्तरच ते, तपासल्याशिवाय काही बाहेर जाऊ देतील तर शपथ! साडेसातला स्वतःचं कोडं स्वतःच सोडवायचे. दोन शब्द मुद्दाम खोटे, रंग नीट पडतात का बघायला, आणि तिसरा खरा. दोन वर्षांत या नेमात खंड नाही.

आजचा शब्द होता ‘पाटवडी’. काल रविवारी जेवताना दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेत ते म्हणाले होते, “सूनबाई, उद्याचा शब्द ताटातच भेटला मले.” तिच्यासमोरच त्यांनी तो घातला होता.

काल रात्री मास्तरांच्या विसरण्यावरून नवरा-बायकोत जुंपली होती. महिनाभर अर्पिता सांगत होती, मामाजी विसरून राह्यले, चष्मा-किल्ल्या नाही, माणसं विसरून राह्यले. सुरेंद्र ऐकेल तर ना! “वय झालं त्यायचं. तू नाही विसरत?” शेवटी वैतागून म्हणाला, “उद्या बाबानं कोडं तिसऱ्यात सोडवलं, तर नागपूरच्या डाक्टरचं नाव काढायचं नाही. नाही सोडवलं, तर मंगळवारी गाडी काढतो.” अर्पिताला भांडणात हरायची सवय नाही. पण आज तिला हरायचं होतं, अगदी मनापासून हरायचं होतं.

सुरेंद्र दुकानाच्या किल्ल्या घेऊन दारात उभा होता. निघायची वेळ टळून गेली तरी निघत नव्हता.

मास्तरांचं बोट फिरलं. ‘पा’ उमटला. अर्पिताच्या जिवात जीव आला. मग ‘ठ’. मग ‘व’, मग ‘णी’.

पाठवणी. ‘पा’ आणि ‘व’ हिरवे, बाकी राखाडी.

“आज मोठं अवघड देल्लं बा,” मास्तर पुटपुटले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

अर्पितानं दाराकडे पाहिलं. सुरेंद्रनं नजर चुकवली. “आज तिसराबी खोटा टाकला असंन,” तो हळूच म्हणाला. त्याला स्वतःलाही ते पटलं नसावं.

चौथा शब्द ‘पाणवठा’. एकही नवं अक्षर हाती लागलं नाही. पावणेआठ वाजले होते. अर्पिताला राहवेना. पळी खाली ठेवून ती जवळ आली.

“मामाजी, काल जेवायला काय केल्तं मी?”

“काल?” त्यांनी वर पाहिलं. हसले. “काल वरण-भातच होता न. काऊन?”

“काही नाही,” ती म्हणाली.

पाचवा, ‘पाटलीण’. आता ‘ट’ही हिरवा झाला. पा, ट, व. तीन अक्षरं जागेवर, एकच चौकट रिकामी. शेजारचं शेंबडं पोरही आता ओरडून सांगेल! मास्तर त्या चौकटीकडे बघत राहिले. ओठ हलत होते, क, ख, ग, घ, असे. चाळीस वर्षं ज्यांनी पोरांकडून बाराखडी घोकून घेतली, ते एक-एक अक्षर लावून बघत होते आणि एकही बसत नव्हतं. कपाळावर घाम आला होता. फॅन तर चालू होता.

“जाऊ द्या मामाजी, नंतर पाहू,” अर्पिता म्हणाली.

“थांब. अर्ध्यात सोडाची सवय नाही मले.”

आठला पाच कमी. बोट शेवटच्या चौकटीवर अडलं होतं. चुकीचं अक्षर पडलं की खेळ संपला. आता सांगावं की नाही, अर्पिताला कळेना. सांगितलं तर ‘सोडवलं न बाबानं’ म्हणून सुरेंद्र नागपूर टाळेल, नाही सांगितलं तर या माणसाची हार डोळ्यांनी बघावी लागेल.

किल्ल्या खळकन खाली पडल्या. सुरेंद्र दारातून दोन ढांगांत खुर्चीपाशी आला आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

“डी टाका, बाबा.” त्यानं रिकामी चौकट बोटानं दाखवली. “डी.”

मास्तरांनी ‘डी’ टाकली. चारही चौकटी हिरव्या झाल्या.

“पाटवडी!” म्हातारा लहान पोरासारखा टाळी वाजवून हसला. “आपल्याच घरचं खानं, अन् मलेच सुचू नये! वा रे पठ्ठ्या!”

सुरेंद्र तिथेच खुर्चीशेजारी खाली बसला. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. उद्या गाडी काढायची होती. अर्पिता पदरानं डोळे पुसत होती. आयुष्यात इतकं कडू जिंकली नव्हती ती.

मास्तर मात्र खुशीत होते. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि त्या हिरव्या रांगेकडे कौतुकानं बघत विचारलं, “कोन बनवते व हे कोडं?”

सुरेंद्र किल्ल्या उचलायला उठला.

“आहेत एक मास्तर,” अर्पिता म्हणाली. “वांकिडीचे.”

“अस्सं? मोठा पक्का मानूस दिसते,” सुधाकरराव म्हणाले. “त्यायले निरोप देजो माहा. म्हना, काई झालं तरी हे बंद करू नका.”