कोणी हात लावला नाही

"हो म्हणजो आन् बाहेर येजो. जास्त बोलाचं नाई," गाडीत बसताना उदारामनी मुलीला बजावलं.

रुची खिडकीशी सरकून बसली. शेजारी तिचा थोरला भाऊ भुपेंद्र डोळे मिटून बसला होता. किडन्या निकामी झाल्यापासून गोंदियाला डायलिसिसच्या फेऱ्या करून तो पार काळवंडला होता.

नवी किडनी घरातल्याच कोणाची तरी हवी होती. उदारामना साखरेचा आजार, म्हणून ते बाद. आईची, अनुसयाबाईंची तपासणी झाली, पण त्यांची चालणार नाही असं नागपूरच्या दवाखान्यानं कळवलं. त्या दिवशी त्यांनी तिथल्या पायरीवर बसून छाती पिटली होती.

उरली रुची. नागझिरा अभयारण्याच्या गेटवर ती गाईड होती. तिची किडनी जुळली तेव्हा तिला कोणी विचारलं नाही. शेजारीपाजारी पेढे मात्र वाटले.

"मले नाई द्याची असंन तं?" तिनं एकदाच विचारलं होतं. तेव्हापासून तिचं कामावर जाणं बंद झालं. मोबाईल बापाच्या खिशात गेला. ती जेवायला बसली की आई ताट घेऊन उठायची. "भावाले मारून राहिली तू," एवढंच म्हणायची.

नागपूरच्या दवाखान्यात समुपदेशक मॅडमनी तिला एकटीला आत बोलावलं. अनुसयाबाई दारात अडून राहिल्या.

"मलेबी बसू द्या न जवळ."

"तुम्ही बाहेर थांबा," म्हणत मॅडमनी दार लावलं.

"घरी कोणी मारहाण केली?"

"नाई. कोनी हात नाई लावला."

"मग सारखी दाराकडे काय बघतेस?"

रुचीनं खुर्ची वळवून दाराकडे पाठ केली.

"किडनी तुझी आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या मर्जीशिवाय कायद्यानं ती कोणीच घेऊ शकत नाही. धाकानं दिलेला होकारही आम्ही धरत नाही. द्यायची आहे तुला?"

बाहेर भुपेंद्र खोकला. याच भावानं तिला सायकलवर डबल सीट शाळेत नेलं होतं.

"नाई," ती म्हणाली. "नाई द्याची मले."

"ठीक. बाहेर एवढंच सांगेन, की तू दाता म्हणून चालत नाहीस. का, ते आम्ही कोणालाही सांगत नाही."

घरी परतल्यावर उदाराम ओसरीवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"जाऊ दे रुची," भुपेंद्र म्हणाला. "तू तरी काय करशीन?"

तिला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात अनुसयाबाईंनी तिला गुरांच्या कोठ्यात हाक मारली. ती आत येताच दाराला कडी घातली.

"तुह्यात काई खोट नाई निघाली. तू नाई म्हटलं."

रुची भिंतीला टेकली. आता आई बाबांना हाक मारणार. मग सगळं गाव गोळा होणार.

"मॅडमनं सांगतलं काय तुले?"

"त्या कोनाचंच सांगत नाई," अनुसयाबाई अगदी हळू म्हणाल्या. "माह्या वेळी मी नाई म्हटलं, ते तरी कुठं सांगतलं त्यायनं तुह्या बापाले?"