पहिल्या रिळापासून रडू

“आज बी रडली माणसं, मालक,” भरमूनं थेटरातल्या मशिनच्या केबिनच्या जिन्यावरूनच सांगितलं.

परशराम मालक पंख्यांचे फ्यूज काढत होते. “किती?”

“एकवीस. समदीच्या समदी.”

“खोकत्यात काय?”

“हुंदके की हो ते.”

निपाणीत घरोघरी छपरांवर टीव्हीच्या काड्या उगवल्यापासून मालकांनी काटकसर आरंभली होती. आधी दोघे डोअरकीपर गेले. मग पंखे. मग पुढची बाकं काढून पडदा दहा फूट अलीकडे आला. जवळच्या पडद्याला उजेड कमी लागतो, मशिनच्या दिव्यात जळणारा कार्बन वाचतो, असं मालकांनी समजावलं. भरमूला शास्त्र पटलं. दिवाळीला थेटर कायमचं बंद, हे मात्र पटलं नव्हतं. चोवीस वर्षं तो त्या केबिनमध्ये होता. कार्बनच्या धुरानं नाकाला वास येणं कधीच बंद झालं होतं आणि दुसरं काम येत नव्हतं.

आणि नेमकी आता माणसं रडू लागली होती. केबिनच्या भोकातून त्याला स्वच्छ दिसायचं. पदर डोळ्याला, रुमाल नाकाला.

“टीव्हीपुढं रडतंय का कोण असं?” तो म्हणाला. “अजून जीव हाय ह्यात. बंद करू नका, मालक.”

“बघू की,” मालक फ्यूजशी बोलल्यासारखं बोलले.

पुढच्या आठवड्यात विनोदी चित्र लागलं. लोक पहिल्या रिळापासून रडले. त्याआधी दंतमंजनाच्या स्लाइडलाही रडले. हसून हसून पाणी आलं असणार, असं भरमूनं धरलं. मशिनच्या घरघरीत हसू ऐकू येत नसे.

दाराशी नागुबाई होती, एकटीच उरलेली. तिचेही डोळे लाल.

“आक्का, तू बी?”

“गप रं. वर बसून तुला काय कळतंय?”

भरमूला भरून आलं. रोज तेच चित्र बघूनही बाई रडत होती.

शुक्रवारी पडदा कोपऱ्यात उसवला. शिंप्याचा खर्च नको म्हणून भरमू स्वतःच दाभण घेऊन खाली उतरला. किती उसवलंय बघायला त्यानं फटीतून डोकं आत घातलं.

आत छतापर्यंत तंबाखूची पोती होती. तंबाखूच्या भुकटीचा खकाणा उडाला, त्याचेही डोळे वाहू लागले.

“शिवू नको रं,” मागून मालक म्हणाले. “दिवाळी झाली की पोती तिथनंच पुढं हॉलात घ्यायची हाईत.”